उबुंटू घेते किती आणि परत देते किती?

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील ४० संगणकांवर उबुंटू बसवण्याचे तुम्ही ठरवले आहे, परंतु तुमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार उबुंटू ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, आहे. डेबियन या जुन्या डिस्ट्रोची पॅकेजे आणि ग्नोम या प्रकल्पाचा डेस्कटॉप उचलायचा, त्यावर स्वतःचे नाव आणि रंग चढवायचा आणि मूळ प्रकल्पांना काहीच परत करायचे नाही, असा तिचा शिरस्ता आहे, आणि मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या संस्थेने तिला थारा देऊ नये. त्यांनी २००८ सालची आकडेवारीही तुम्हाला दाखवली. हा आरोप कितपत खरा आहे आणि त्यावरून प्रयोगशाळेचा निर्णय फिरवावा का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

आधी माझी बाजू सांगते. मी गेली सतरा वर्षे लिनक्स सर्व्हर सांभाळण्याचे काम करते. त्यांतले बरेचसे डेबियनवर, काही उबुंटूवर आणि काही रेड हॅट या कंपनीच्या घराण्यातील डिस्ट्रोंवर चालतात. घरच्या संगणकावर डेबियन आहे, त्यामुळे माझे मन किंचित तिकडे झुकलेले आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

तुमच्या सहकाऱ्यांच्या हरकतीत दोन निरनिराळे आरोप एकत्र कालवले गेले आहेत. पहिला असा की उबुंटू फार कमी देते. दुसरा असा की उबुंटू जे देते त्याची दोरी तिची मालक कंपनी कॅनॉनिकल स्वतःच्या हातात ठेवते. पहिला आरोप २००८ ते २०१० या काळात बऱ्याच अंशी खरा होता आणि आज तो तसाच्या तसा करता येत नाही. दुसरा आरोप मात्र आजही जिवंत आहे, आणि माझ्या मते तोच अधिक वजनदार आहे. गंमत अशी की हे दोन आरोप एका ताटात नीट बसत नाहीत. ज्याने काही दिलेलेच नाही, त्याच्या हातातल्या दोरीची चिंता कोण कशाला करील?

पहिल्या आरोपाचे मूळ सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे झालेल्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत आहे. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, एक प्रमुख विकसक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तेथील भाषणात, मागील सुमारे तीन वर्षांत कर्नलमध्ये कोणत्या कंपनीचे किती पॅच (कोडमधील बदल) गेले, याचा हिशेब मांडला. रेड हॅटचे अकरा हजारांहून अधिक आणि कॅनॉनिकलचे जेमतेम १००. कर्नलबरोबरच जीसीसी हा कंपायलर, पडद्यावर चित्र दाखवणारी एक्स यांसारख्या पायाभूत प्रकल्पांतही कॅनॉनिकलचे नाव जवळजवळ दिसत नाही, असे त्यांनी दाखवले. कॅनॉनिकलचे तेव्हाचे मुख्य तंत्रज्ञ मॅट झिमरमन यांनी लगेच उत्तर दिले की लिनक्सच्या परिसंस्थेची ही व्याख्या फार अरुंद आहे, आणि क्रोआ-हार्टमन स्वतः नोव्हेल या स्पर्धक कंपनीत नोकरीला आहेत, हेही श्रोत्यांना कळायला हवे होते. दोन्ही मुद्दे बरोबर होते, पण त्यांनी मूळ आकडा काही खोटा ठरत नव्हता.

मग या आकड्याचे काय करायचे? मी तो खरा मानते, परंतु तो कशाचे माप आहे, हे पाहते. कर्नलमधील कमिट (स्वीकारले गेलेले बदल) मोजणे म्हणजे कर्नल विकसकांना पगार कोण देते, हे मोजणे होय. रेड हॅट तेव्हाच भांडवली बाजारात नोंदलेली, कॅनॉनिकलहून कित्येक पट मोठी कंपनी होती, आणि तिचा धंदाच मुळी मोठ्या ग्राहकांच्या यंत्रांवर कर्नल नीट चालवून देण्याचा होता. कॅनॉनिकलचे वय होते चार वर्षे. शिवाय हेच माप डेबियनला लावून पाहा. डेबियन कोणालाच नोकरीवर ठेवत नाही, त्यामुळे कंपनीवार कोष्टकात तिचे नाव येतच नाही; तरी डेबियनने काही दिले नाही, असे तुमचे सहकारीही म्हणणार नाहीत.

डिस्ट्रोचे खरे काम या कोष्टकात कोठेच उमटत नाही, आणि हे मी रोजच्या कामावरून सांगते. हजारो प्रकल्प आपापल्या वेळापत्रकाने आवृत्त्या काढतात. त्यांतल्या एकमेकांना पटणाऱ्या निवडायच्या, त्या एकत्र बांधायच्या, ग्राहकाने कळवलेल्या बिघाडाचे मूळ नेमक्या कोणत्या प्रकल्पात आहे ते शोधायचे, आणि पाच वर्षे जुन्या आवृत्तीत आजची सुरक्षा-दुरुस्ती मागे नेऊन बसवायची, हे सगळे कष्ट आहेत. फक्त ते कोणाच्या तरी कर्नलमध्ये कमिट म्हणून दिसत नाहीत. उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली तेव्हा डेबियनची स्थिर आवृत्ती २००२ सालची होती आणि पुढची यायला जून २००५ उजाडला. दर सहा महिन्यांनी, ठरल्या महिन्यात, डेस्कटॉपवर चालण्याजोगी डेबियन मिळू शकते, हे उबुंटूने दाखवले. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी आपली थॉट ही कंपनी १९९९ मध्ये विकून मिळवलेल्या पैशांतून हा व्याप उभा राहिला. घरबसल्या टपालाने फुकट सीडी पाठवण्याची त्यांची योजना २०११ पर्यंत चालू होती. मोजक्या इंटरनेटच्या त्या दिवसांत माझ्याकडे आलेल्या त्या लिफाफ्यातल्या सीडीने मी पहिल्यांदा लिनक्स बसवले. हे योगदान कोणत्या रकान्यात लिहायचे, हे मला आजही सांगता येत नाही. (या एका वाक्यात मी भावुक झाले आहे, ते वजा करून घ्यावे.)

२०१० चा आकडा मात्र मला अधिक बोचरा वाटतो. त्या वर्षी डेव्ह नीरी यांनी ग्नोमच्या कमिटची गणना प्रसिद्ध केली. तीत रेड हॅटचा वाटा १६.३ टक्के, नोव्हेलचा १०.४४ टक्के आणि कॅनॉनिकलचा १.०३ टक्का निघाला. कर्नलच्या बाबतीत तो आमचा प्रांत नाही असे कॅनॉनिकलला म्हणता येत होते. ग्नोम तर तिच्या डेस्कटॉपचा चेहरा होता. कॅनॉनिकलची बाजू अशी होती की आम्ही अंगणात काम करतो, पण ते घरात घेतले जात नाही. पॅनेलवरील चिन्हांसाठी तिने लिहिलेली अ‍ॅप्लिकेशन इंडिकेटरची लायब्ररी ग्नोमने त्याच वर्षी आपल्या अवलंबित्वांच्या यादीत घेण्यास नकार दिला होता, हे खरे आहे. पण त्यानंतर कॅनॉनिकलने काय केले, ते पाहा. तिने आपले अंगणच वेगळे केले. २०११ च्या एप्रिलपासून युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप सर्वांना दिला. २०१३ मध्ये, वेलँड या सामायिक व्यवस्थेकडे जाण्याची आधीची घोषणा बाजूला ठेवून, मिर हा स्वतःचा डिस्प्ले सर्व्हर (पडद्यावर खिडक्या दाखवणारा कार्यक्रम) जाहीर केला. एप्रिल २०१७ मध्ये युनिटीचे काम थांबवण्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उबुंटू ग्नोमकडे परतली; मिर पुढे वेलँडच्याच नियमांनी बोलू लागला. सहा-सात वर्षे अनेक कुशल माणसांनी खरे, मुक्त परवान्याखालचे काम केले, पण ते जेथे पोचले असते तर सर्वांच्या उपयोगी पडले असते, तेथे ते पोचलेच नाही. म्हणून 'किती ओळी लिहिल्या' यापेक्षा 'त्या कोठे जाऊन पडल्या' हा प्रश्न मी आधी विचारते.

अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ प्रकल्पाला, पॅच पाठवणे लोक का टाळतात, हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकले. एका ग्राहकाच्या सर्व्हरवर नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये मी दोन ओळींची दुरुस्ती केली होती. काम भागले, बिल निघाले, पॅच माझ्या फोल्डरमध्ये राहिला. प्रत्येक कर्नल अपडेटनंतर तो पुन्हा लावून कर्नल बांधायचे, असा क्रम सुमारे तीन वर्षे चालला. मग एका अपडेटमध्ये आजूबाजूचा कोड बदलला, पॅच चुकीच्या जागी बसला आणि सर्व्हर मध्यरात्री आडवा झाला. त्यानंतर मी ती दुरुस्ती वर पाठवली. मेंटेनरनी, म्हणजे तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांनी, विचारले की हा बिघाड याच कार्डावर येतो की सगळ्या मालिकेवर. मी ते तपासलेच नव्हते. पॅच चार वेळा परत आला, पाचव्यांदा स्वीकारला गेला. दोन ओळींसाठी माझे अकरा दिवस गेले, पण त्यानंतर त्या पॅचकडे मला आजतागायत पाहावे लागलेले नाही. वर पाठवणे हा आज महाग आणि पुढे स्वस्त पडणारा सौदा आहे, आणि तिमाहीच्या हिशेबावर चालणाऱ्या कुठल्याही आस्थापनेला आजचा खर्चच आधी दिसतो.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर ग्नोममधील ट्रिपल बफरिंगचे उदाहरण घ्यावे. साध्या ग्राफिक्सच्या संगणकांवर अ‍ॅनिमेशन अडखळते, कारण पुढचे चित्र वेळेत तयार होत नाही. दोनऐवजी तीन चौकटी हाताशी ठेवल्या की ग्राफिक्स प्रोसेसर आळसावत नाही. कॅनॉनिकलचे डॅनियल व्हॅन व्हग्ट यांनी हा बदल २०२० मध्ये मटर या ग्नोमच्या घटकासाठी मांडला. उबुंटूने तो २२.०४ पासून आपल्यापुरता पॅच म्हणून लावला, डेबियननेही तो घेतला, आणि मूळ ग्नोममध्ये तो मार्च २०२५ च्या ४८ व्या आवृत्तीत पोचला. मधल्या जवळपास पाच वर्षांत तो कितीदा तपासला आणि पुन्हा लिहिला गेला असेल, याची कल्पना करा. २०१० ची कॅनॉनिकल असती तर दुसऱ्या वर्षीच हात झटकून मोकळी झाली असती, असे मला वाटते. तिने तसे केले नाही, म्हणूनच जुना आकडा आजच्या वादात जसाच्या तसा ठेवणे मला न्याय्य वाटत नाही.

कर्नलचेही तसेच. अ‍ॅपआर्मर ही सुरक्षा-व्यवस्था मुळात कॅनॉनिकलची नव्हे, ती इम्युनिक्सकडून नोव्हेलकडे आली होती. पण ती २०१० मध्ये मूळ कर्नलमध्ये पोचवली आणि पुढे सांभाळली ती कॅनॉनिकलच्या जॉन जोहान्सेन यांनी. डेबियनने १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ मध्ये, ती मुळातच चालू करून दिली. क्रिस्टियान ब्राउनर यांनी प्रक्रियांना नेमके ओळखण्यासाठीचे पिडएफडी आणि कंटेनरना (एकाच यंत्रावरील वेगळ्या कप्प्यांना) उपयोगी पडणारे आयडी-मॅप्ड माउंट हे बदल कर्नलमध्ये नेले, तेव्हा ते कॅनॉनिकलमध्ये होते. माझ्या धंद्यात तर क्लाउड-इनिटशिवाय पान हलत नाही. नवे आभासी यंत्र चालू होताच त्याला नाव, वापरकर्ते, चाव्या आणि नेटवर्क देणारे हे साधन उबुंटूच्या अ‍ॅमेझॉनवरील प्रतिमांसाठी (यंत्राच्या तयार नमुन्यांसाठी) कॅनॉनिकलमध्ये जन्मले आणि आज रेड हॅट, फेडोरा, अ‍ॅमेझॉन लिनक्स अशा सगळ्यांच्या प्रतिमांत असते. ज्या रेड हॅटच्या तुलनेत उबुंटूला पाण्यात पाहिले जाते, तिच्या सहाव्या एंटरप्राइझ आवृत्तीत संगणक सुरू करण्याचे काम अपस्टार्ट करत होते, आणि अपस्टार्ट हे उबुंटूचेच अपत्य होते.

आता दुसऱ्या आरोपाकडे येते, कारण अपस्टार्टची पुढची गोष्ट तेथेच नेते. २०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सिव्हर्स यांनी संगणक सुरू करण्याचे सिस्टमडी हे दुसरे साधन आणले. अपस्टार्टमध्येच सुधारणा का केली नाही, याच्या कारणांत रचनेविषयीचे मतभेद होतेच, पण कॅनॉनिकलचा योगदान-करार हेही एक कारण होते. हा करार नीट समजून घ्यावा लागतो, कारण सगळ्या वादाची गाठ येथे आहे. पूर्वी कॅनॉनिकलच्या प्रकल्पात कोड द्यायचा तर त्याचे स्वामित्वच कंपनीच्या नावे करावे लागे. २०११ पासून स्वामित्व तुमच्याकडे राहते, परंतु तुमचा कोड पुढे कोणत्याही परवान्याखाली, बंदिस्त परवान्याखालीही, देण्याचा हक्क तुम्ही कंपनीला देता. उलट कंपनीने लिहिलेला कोड तुम्हाला मिळतो तो केवळ जीपीएलसारख्या मुक्त परवान्याच्या अटींवर. म्हणजे दोघेही एकाच विहिरीत पाणी ओततात, पण टँकर भरून विकायची मुभा एकालाच आहे. हे बेकायदा नाही, आणि असा करार करणारी ती एकटीही नाही. तरी एखाद्या प्रकल्पात स्पर्धक कंपन्यांची माणसे यावीत, असे खरोखर वाटत असेल तर अशी अट ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीने अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी निवडले, आणि काही दिवसांतच शटलवर्थ यांनी उबुंटूही त्याच वाटेने जाईल असे जाहीर केले. तो पराभव त्यांनी नीट स्वीकारला, हे त्यांच्या श्रेयाच्या बाजूला लिहायला हवे.

एलएक्सडीचे प्रकरण याहून ताजे आणि अधिक बोलके आहे. कंटेनर चालवण्याचे हे साधन कॅनॉनिकलच्या पैशांवर वाढले, पण ते लिनक्स कंटेनर्स या सामुदायिक प्रकल्पाच्या छत्राखाली होते. जुलै २०२३ मध्ये कॅनॉनिकलने ते आपल्या घरात परत नेले. पुढच्याच महिन्यात अलेक्सा साराई यांनी त्याचा इंकस हा फोर्क (त्याच कोडवरून निघालेला वेगळा प्रकल्प) काढला आणि एलएक्सडीचे दीर्घकाळचे प्रमुख स्टेफान ग्राबेर, जे तोवर कॅनॉनिकल सोडून गेले होते, त्यात सामील झाले. डिसेंबर २०२३ मध्ये कॅनॉनिकलने एलएक्सडीचा परवाना सैल अपाचेऐवजी कडक एजीपीएल केला आणि योगदान-कराराची अट घातली. परिणाम असा की एलएक्सडीमधले नवे बदल इंकसला सरळ घेता येत नाहीत. मी माझ्याकडची सहा यंत्रे २०२४ मध्ये इंकसवर नेली. स्थलांतराचे साधन चांगले होते, एका दुपारी काम झाले. राग धरून मी हे केले नाही. ज्या प्रकल्पाचे नियम एका बैठकीत बदलू शकतात, त्यावर पुढील दहा वर्षांचे काम टांगून ठेवायचे नाही, एवढाच विचार होता.

स्नॅपच्या, म्हणजे कॅनॉनिकलच्या स्वतःच्या पॅकेज-पद्धतीच्या, बाबतीत तुम्हाला प्रयोगशाळेतच याचा अनुभव येईल. स्नॅप बसवणारा कार्यक्रम मुक्त आहे, पण ज्या दुकानातून स्नॅप येतात त्या स्टोअरचा सर्व्हर बंदिस्त आहे आणि तो कॅनॉनिकलकडेच आहे. डेबियनच्या पद्धतीच्या डेब पॅकेजांसाठी तुम्ही महाविद्यालयात एखाद्या जुन्या यंत्रावर कॅश किंवा पूर्ण मिरर (साठ्याची प्रत) उभा करू शकता, त्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही. स्नॅपसाठी कॅनॉनिकलने दिलेला प्रॉक्सी वापरावा लागतो आणि त्याची नोंदणी तिच्याकडे करावी लागते. उबुंटू २०.०४ मध्ये क्रोमियमचे नेहमीचे पॅकेज मागितले तरी मागच्या दाराने स्नॅप बसू लागला, म्हणून लिनक्स मिंटने त्या वर्षी आपल्या २० व्या आवृत्तीत स्नॅपला मुळातच दार बंद केले. मिंट स्वतः उबुंटूच्या पायावर उभी असूनही तिने हे केले, हे विसरू नये. आणखी एक व्यवहारातली अडचण सांगते: विद्यार्थ्यांच्या होम डिरेक्टरी तुम्ही नेटवर्कवरून एका सर्व्हरवर ठेवणार असाल, तर स्नॅप रूपातला फायरफॉक्स सुरू होताना कुरकुर करू शकतो. आधी एका यंत्रावर पाहून घ्या, मग ४० वर जा.

तुलनेसाठी घेतलेली रेड हॅटही धुतल्या तांदळासारखी राहिलेली नाही. डिसेंबर २०२० मध्ये तिने आपल्या एंटरप्राइझ आवृत्तीची फुकट प्रत असलेल्या सेंटओएसचे पारंपरिक रूप बंद करण्याचे जाहीर केले आणि जून २०२३ मध्ये आपल्या एंटरप्राइझ आवृत्तीचा स्रोत सार्वजनिकरीत्या केवळ सेंटओएस स्ट्रीममधून देण्याचे ठरवले. कमिटच्या मापात ती अजूनही पुढे आहे. 'आम्ही इतके देतो, मग आमच्या कोडची हुबेहूब प्रत काढणाऱ्यांना आम्ही सोय का करून द्यावी' हा तिचा युक्तिवाद त्याच मापातून निघतो. योगदानाचा एकच आकडा हातात धरला की तो शेवटी कोणाकोणाच्या कामी येतो, हे यावरून दिसते.

मराठी वाचकासाठी या हिशेबात एक ओळ जोडायलाच हवी. लिनक्सवर देवनागरी नीट दिसू लागली त्यात लोहित टंकांचा वाटा मोठा आहे. ते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने दिलेल्या टंकांवर आधारलेले असून २००४ मध्ये रेड हॅटने मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले. भारतीय भाषांवर काम करणारा रेड हॅटचा गटही पुण्यातच होता. म्हणजे उबुंटूच्या पडद्यावर आपण मराठी वाचत होतो, तेव्हा त्यामागे दुसऱ्या कंपनीचे कष्ट होते. उलट उबुंटूने भाषांतरासाठी लाँचपॅड या आपल्या संकेतस्थळावर जी सोय दिली, ती नवख्या माणसाला फार सोपी होती, पण तेथे केलेले भाषांतर मूळ प्रकल्पात आपोआप जात नसे. त्यामुळे एकच मेनू दोन ठिकाणी दोन तऱ्हेने भाषांतरित होई, अशी ग्नोमच्या निरनिराळ्या भाषांतील भाषांतरकारांची जुनी तक्रार होती. तुमच्या विद्यार्थ्यांना मराठी भाषांतरात भाग घ्यायचा असेल, तर ते काम त्यांनी थेट मूळ प्रकल्पाच्या भाषांतर-गटात करावे. मग ते डेबियन, फेडोरा आणि उबुंटू या तिन्हींत आपोआप उतरते.

येथवरचे थोडक्यात असे: कमी देण्याचा आरोप त्याच्या काळापुरता खरा होता, डिस्ट्रोचे मूळ काम मोजणीबाहेर राहते, आणि आज हरकत घ्यायचीच असेल तर ती योगदान-करार, एलएक्सडी आणि स्नॅप स्टोअर यांवर घ्यावी.

प्रयोगशाळेचा निर्णय मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तो मी येथून ठरवू शकत नाही. संगणक नवे असतील, त्यांवर विक्रेत्याने उबुंटूच तपासून दिली असेल, किंवा अभ्यासक्रमातील साधनांच्या सूचना उबुंटू गृहीत धरूनच लिहिलेल्या असतील, तर उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती बिनदिक्कत बसवा. पाच वर्षांच्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात आणि तुमच्याकडे पूर्णवेळ प्रशासक नसेल तर ही गोष्ट तत्त्वाइतकीच महत्त्वाची आहे. यंत्रे जुनी असतील, स्मृती ४ जीबीच्या आसपास असेल आणि सांभाळायला एक तरी हौशी माणूस असेल, तर मी डेबियन घेईन. वायफायचे फर्मवेअर वेगळे शोधत बसण्याची जुनी कटकट जून २०२३ च्या डेबियन १२ पासून उरलेली नाही, कारण ते आता बसवण्याच्या माध्यमातच येते. दोन्हींत शिकवण्याच्या दृष्टीने फार फरक पडत नाही; पॅकेजे तीच, आज्ञा त्याच.

सहकाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्याबरोबर एक तास बसा. प्रयोगशाळेत लागणारी दहा पॅकेजे निवडा आणि डेबियनच्या पॅकेज ट्रॅकरवर एकेक उघडा. तेथे उबुंटूसाठी वेगळा रकाना असतो. उबुंटूने त्या पॅकेजात काही बदलले असेल तर पॅचचा दुवा त्यात दिसतो, आणि असा दुवा नसेल तर बहुधा डेबियनचे पॅकेज जसेच्या तसे घेतलेले असते. जेथे पॅच असेल तेथे तो उघडून वाचा. काही पॅच केवळ उबुंटूच्या नावाचे आणि रंगाचे निघतील, ते वर पाठवण्यात अर्थही नसतो. काही खऱ्या दुरुस्त्या असतील; त्यांच्या माथ्यावर डेबियनच्या किंवा मूळ प्रकल्पाच्या बगचा क्रमांक लिहिलेला आहे का, ते पाहा. क्रमांक असेल तर पॅच वर पाठवलेला आहे किंवा निदान तिकडे कळवलेले आहे. नसेल, तर तुमच्या एखाद्या चुणचुणीत विद्यार्थ्याला तो पॅच ताज्या आवृत्तीवर बसतो का ते पाहायला सांगा, आणि बसत असेल तर मूळ लेखकाचे नाव ठेवून त्यालाच तो डेबियनकडे पाठवू द्या.